गल्लीनं जाणारी बोट

"आणखी पुढं नका जाऊ जी. पुढं चुन्नीलालचं दुकान आहे."

धुक्यातून आवाज आला आणि मी थांबले. माणूस दिसत नव्हता. दिसत होता फक्त पायाखालचा जुना डांबरी रस्ता, तोही चार पावलांपुरता.

"दुकान आहे तर बरंच की," मी म्हटलं. "चहा तरी मिळेल."

"दुकान वीस हात पाण्याखाली आहे."

मी खाली पाहिलं. पाणी सँडलच्या पट्ट्यांपर्यंत आलं होतं. इतकं गपचूप आलं होतं, की मला वाटत होतं दव आहे. रस्ता मात्र थांबला नव्हता. दोन्ही कडांची वाळलेली झाडं ओळीनं पाण्यात उतरत गेली होती, जशी काही त्यांनाही तिकडंच कुठं जायचं होतं...

मागे वळले तर तो उभा होता. अंगात नारिंगी लाइफ जॅकेट, हातात डिझेलची कॅन, आणि चेहऱ्यावर हसू दाबल्याचा भाव. माझ्याच वयाचा असावा. म्हणजे तिशी ओलांडलेला, आणि ओलांडल्याचं फारसं वाईट न वाटणारा.

"पोर्टले जाऊन राहिल्या का?"

"हो. स्टॉपवर एका आजोबांनी सांगितलं — सरळ जा, चिंचेपासून डावीकडे, मग चुन्नीलालचं दुकान, मग देवळामागून..."

"केशोराव असतील." आता तो मोकळा हसला. "बरोबर सांगितलं त्यायनं. रस्ता तोच होय. फक्त बावीस वर्षांआधीचा."

तेव्हा मला हसू आलं. नंतर, सँडल पिळताना, अंगावर काटा आला.

मी गोंदियाच्या एका टूर कंपनीत आहे. नागझिऱ्याच्या सफारीला येणाऱ्या लोकांसाठी 'कसे पोहोचाल' ही पानं मी लिहिते. कुठली बस, कुठला फाटा, कुठं लघवीची सोय. हे लिहायला मला कुणी शिकवलं नाही. बस चुकवून चुकवून शिकले. चारटोल्याच्या धरणावर एक दुमजली बोट आली आहे, तिला लोक क्रूझ म्हणतात, असं कळल्यावर आमच्या मालकांनी, इंदरलालजींनी, मला पाठवलं.

"नीतू बेटा, सुबह की सफारी और शाम की सफारी के बीच में टूरिस्ट क्या करता है? सोता है. सोया हुआ टूरिस्ट फोटो नहीं डालता. बीच में चालीस मिनट की क्रूझ रख दो. बोट को नहीं जमता, तो उधर अपना दूसरा आदमी स्पीडबोट लेके बैठेगा."

म्हणजे काम सोपं होतं. चाळीस मिनिटांत फेरी होते की नाही, एवढं पाहायचं.

पोर्ट म्हणजे सिमेंटच्या सात पायऱ्या, एक टिनाचं शेड, आणि 'चारटोला क्रूझ पोर्ट' असा हातानं रंगवलेला बोर्ड. पण धुकं वर गेलं आणि समोरचं सगळं उघडं पडलं, तेव्हा मी वही मिटून नुसती बसले. चहूबाजूंनी सागाचे डोंगर, मध्ये पाणी. आणि पाणी हलत नव्हतं. वारा होता, माझी ओढणी उडत होती, पण पाणी... कुणी आत श्वास रोखून बसल्यासारखं.

"सुंदर आहे," मी म्हटलं.

"हो जी," तिलक म्हणाला. त्याचं नाव तिलक. बोट त्याच्याच ताब्यात. "म्हणूनच भेव वाटते."

त्या दिवशी बोटीवर आम्ही सहा जण. मी, आणि नव्या चारटोल्यातली पाच म्हातारी माणसं. धरण भरलं तेव्हा गाव उठवून तीन किलोमीटर वर नेलं होतं. ती सगळी तिथली. मी मोबाइलवर वेळ लावली. बोट निघाली, थोडी सरळ गेली, आणि मोकळ्या पाण्यात अचानक डावीकडे वळली. मग उजवीकडे. मग इतकी हळू झाली, की मला वाटलं डिझेल संपलं.

"काय झालं?"

"काही नाई. इथं गल्ली अरुंद आहे."

मी हसले. तो हसला नाही. इतक्यात माझ्या शेजारच्या म्हातारीनं घाईघाईनं डोक्यावर पदर ओढला आणि मान खाली घातली. समोर पाण्याशिवाय काही नव्हतं.

"मामंजीची ओसरी आली," ती माझ्या कानात म्हणाली.

नव्वद मिनिटांत बोट परतली. सबंध जुनं गाव तिनं गल्लीगल्लीनं फिरवलं होतं. एकदाही कुणाच्या घरावरून गेली नव्हती.

"सरळ गेलात तर किती वेळ लागेल?" पायऱ्यांवर मी विचारलं.

"अडतीस मिनिटं."

"मग?"

"मंग काय? तुमच्या दवनीवाड्यात कोणी तुमच्या चुलीवरून सायकल नेली तं चालंल का?"

"दवनीवाडा कुठून कळलं?"

"तुमच्या बॅगवर लिहून आहे. शाळेच्या बक्षिसाची होय ना? पहिला नंबर का दुसरा?"

"तिसरा."

"वाटलंच," तो म्हणाला. "पहिला नंबरवाली पाण्यात चालत गेली नसती."

मी पुढच्या बुधवारी पुन्हा गेले. पक्की खात्री करायला, असं इंदरलालजींना सांगितलं. त्याच्या पुढच्या बुधवारीही गेले. त्यांना सांगितलं, फोटो नीट आले नाहीत. फोटो चांगले आले होते. सगळ्यांत तिलक होता, हाच काय तो त्यांचा दोष.

तो बोलायचा कमी आणि खेचायचा जास्त. मी पुन्हा सँडल घालून आले तर म्हणायचा, "आज कोणाच्या दुकानात जाऊन राहिल्या?" मी डबा उघडला तर न विचारता पोळीचा तुकडा तोडायचा आणि वर म्हणायचा, "मीठ कमी आहे. कायले इतक्या दूर आणता?" पण धुक्यात बोट हाकताना त्याचा चेहरा बदलायचा. डोळे अर्धे मिटायचे. तेव्हा तो पाणी पाहत नसे. दहा वर्षांचा असताना ज्या गल्ल्यांतून पळत होता, त्याच पाहत असे. अशा वेळी मी त्याच्याकडे पाहत बसायचे, आणि त्याच्या लक्षात येत नाही असं समजायचे.

"पुढं खांब आहे जी," एकदा तो डोळे न उघडताच म्हणाला. "माझ्याकडं काऊन पाहून राहिल्या?"

चौथ्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी इंदरलालजींनी निर्वाणीचं सांगितलं. उद्या दुपारपर्यंत हो किंवा नाही. हो असेल तर तिलकची बोट, दिवसाला तीन फेऱ्या, चाळीस मिनिटांच्या. नाही असेल तर स्पीडबोट. ती तर गल्ली वगैरे काही मानणार नव्हती.

सकाळी आठला मी पायऱ्यांवर पोहोचले. धुकं इतकं, की बोटीचा वरचा मजला दिसत नव्हता. प्रवासी कुणीच नव्हते. मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ दोरीची गाठ सोडत राहिला, सुटलेली असूनही.

"एकदा सरळ नेऊन बघा," मी म्हटलं. "एकदाच. तुमची बोट तरी राहील. ती दुसरी आली तर..."

"तुमी म्हणता म्हणून," तो म्हणाला. आणि मला त्याच क्षणी वाटलं, की मी हे म्हणायला नको होतं.

बोट सरळ निघाली. सुरुवातीला काही झालं नाही. नंतर, कसं सांगू, पाणी दाट झालं. इंजिनाचा आवाज तोच, पण पुढं जाणं जड. मग बोटीच्या तळाला काहीतरी घासलं. लाकूड नव्हे, दगड नव्हे. ओल्या कापडासारखं काही. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

शांतता. आणि त्या शांततेत, खालून —

ढक्... ढक्... ढक्...

हा आवाज मला ओळखीचा होता. माझी आजी धान कांडायची तेव्हा ढेकीचा असाच आवाज यायचा. पायानं दाबायचं, सोडायचं. मागोमाग धूर आला, चुलीचा; आणि नव्या तांदळाचा वास. त्या थंडगार पाण्यावर, आसपास किनारा नाही, माणूस नाही, आणि कुणीतरी भात रटरटवत होतं.

"तिलक," मी पहिल्यांदा नुसतं नाव घेतलं.

"बोलू नका." तो पांढराफटक पडला होता. "आपण अंगणात आहो."

ढेकी थांबली. जवळून, अगदी कठड्याशी उभं राहून विचारावं तशा जवळून, एका बाईनं विचारलं:

"कोण होय गा अंगणात?"

तिलकनं चपला काढल्या. खरंच, बोटीवर चपला काढून बाजूला ठेवल्या.

"मी होय, मावशी. तिलक. सुलोचनाचा."

"अन् संगं कोण होय?"

आमच्याकडच्या गावात हा प्रश्न टाळता येत नाही. कुणाच्या अंगणातून लग्नाच्या वयाची पोरगी सोबत नेली, तर ती कोण, हे सांगितल्याशिवाय बाया पुढं जाऊ देत नाहीत. आत्या म्हणा, बहीण म्हणा, काही म्हणा, पण म्हणा. तिलकनं माझ्याकडे पाहिलं. घाबरलेला तर होताच, पण घाबरण्याचं कारण आता दुसरंच होतं, ते मला दिसलं.

"घरची होय, मावशी," तो म्हणाला. आणि मग, खोटं बोलवेना म्हणून, अगदी हळू, "म्हणजे... तिनं हो म्हटलं तं."

काहीच आवाज नाही. कुणीतरी मान वाकडी करून ऐकत असावं, तशी शांतता. ती माझ्यासाठी थांबली होती, हे मला कळत होतं. माझे दात वाजत होते. आणि गंमत बघा, त्या थंडीत, त्या भीतीत, माझे कान गरम झाले होते.

"मी दवनीवाड्याची," मी पाण्याकडे पाहत म्हटलं. "शालीकराम पटल्यांची नीतू. आणि... हो."

मग ढेकी पुन्हा सुरू झाली. ढक्... ढक्... आपापल्या कामाला लागल्यासारखी.

तिलकनं बोट वळवली नाही. कुणाच्या अंगणात गोल फिरायचं नसतं. बांबूनं ढकलत, त्याचं उडणारं पाणी अंगावर घेत, उलट्या तोंडी, आलो तसे आम्ही गल्लीपर्यंत आलो. तिथं इंजिन एका झटक्यात लागलं. वास गेला. मी मोबाइलवरची वेळ बंद केली.

"कोण होत्या त्या?"

"तुलसामावशी. आमची शेजारीण. गाव उठाच्या वर्षीच वारली ना, नव्या गावात आलीच नाई." मग सुकाणूवरची नजर न हलवता, "तुमी हो कोणाले म्हटलं? मावशीले का मले?"

"मावशींना. तुम्ही मला अजून विचारलंय कुठं?"

"तुमाले विचाराले भेव वाटते."

"त्यांना सांगायला नाही वाटलं?"

"त्या बाहेर येऊन राहिल्या नसत्या ना जी," तो म्हणाला. "तुमी तं समोर बसल्या आहात."

आणि मग त्यानं विचारलं. काय विचारलं, कसं विचारलं, ते मी लिहिणार नाही. 'कसे पोहोचाल' मध्ये सगळंच लिहायचं नसतं. एवढंच सांगते, की माझं उत्तर ऐकून त्यानं चुकून भोंगा दाबला, आणि दूर धुक्यात सारसांची जोडी दचकून ओरडली.

पायऱ्यांवर बसूनच मी इंदरलालजींना फोन केला. "फेरीला दीड तास लागतो. कमी होत नाही."

"क्यों नहीं होता?"

"बीच में घर हैं, सेठजी."

"पानी में?"

"जी."

ते हसले नाहीत. माणूस व्यापारी, पण गोंदियातच वाढलेला. "तो फिर स्पीडबोट..."

"ती पण त्याच पाण्यातून जाईल. मी आज सरळ जाऊन आले. टूरिस्ट बसवून त्या अंगणात इंजिन बंद पडलं, तर फोन तुम्हाला येईल. आणि ते पान मी लिहिणार नाही. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."

"भूतवाली क्रूझ लिख दूं क्या? चलेगा वो भी."

"नको. लोक राहतात तिथं."

"अजीब लडकी है," ते शेवटी म्हणाले. "लिख दे डेढ़ घंटा. जिसको जाना है, जाएगा. स्पीडबोट मैं दूसरे तालाब पे भेजता हूं."

तिलक शेजारीच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं माझ्या ओल्या सँडल उचलल्या आणि उन्हाच्या पायरीवर नीट, टाचा भिंतीकडे करून ठेवल्या.

"घरी चला," तो म्हणाला. "दुसरीकडून कळाच्या आत आईले सांगतो."

धरणावरून नव्या चारटोल्याला पाऊलवाट जाते. अर्ध्या वाटेत मोबाइलला रेंजही नसते. वाटेत आम्हाला कुणी भेटलं नाही, एक म्हैस सोडून. घर आलं तेव्हा सुलोचनाबाई ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. तिलकनं घसा खाकरला.

"आई, ही..."

"नीतू. दवनीवाड्याची," त्या सूप न थांबवता म्हणाल्या. "ये बाई, बस. इतकी ओली कायले झाली?"

तिलक ओसरीच्या पायरीवरच थांबला. "तुले... तुले कोणं सांगितलं?"

"तुलसानं. सकाळीच." त्यांनी एक खडा वेचून अंगणात फेकला. "तिच्या पोटात कधी गोष्ट राह्यली का? अन् काऊन गा, बोट कायले नेली तिच्या अंगणातून? वाळवण घातलं होतं बिचारीनं. सगळं तुडवलं म्हणते."

माझा हात आपोआप तिलकच्या हातात गेला. त्याचा हातही गार होता.

"चुकलं म्हणून सांगजो तिले," तो कसाबसा म्हणाला.

"मी नाई सांगत." सुलोचनाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे वर पाहिलं, नीट, पायापासून डोक्यापर्यंत, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "दोघं जाऊन सांगजा. अन् या बारी दारातून जा."