लाल गाडी चढावरच का बंद पडते

रोनीने गॅरेजवाल्या उस्ताद हैसमच्या फळीवरून हलव्याचा रिकामा पत्र्याचा डबा खाली काढला, झाकण उघडलं आणि आत बोट फिरवलं. आत पितळेचे आठ बारीक तुकडे होते, मक्याच्या दाण्याएवढे. प्रत्येकाला मधोमध सुईएवढं भोक.

"हे काकाच्या गाडीचे जेट आहेत," मीराय म्हणाली. "कार्बोरेटरमधले. यांच्यातूनच पेट्रोल इंजिनात जातं."

"म्हणजे उस्तादने चोरले?" तमाराने विचारलं. ती रोनीची धाकटी बहीण, दहा वर्षांची.

"नाहीतर काय, लोणचं घालायला ठेवलेत?" रोनी म्हणाला.

तिघंही डबा घेऊन चर्चच्या चौकाकडे पळाले.

पंधरा ऑगस्टला, चर्चच्या सणाला, ऐन-तूत गावात घाटाची शर्यत असते. खाली पुलापासून वर चर्चपर्यंत अकरा वळणं. मीरायच्या आजोबांची, म्हणजे जिद्दोंची, लाल टू-सीटर त्यात दरवर्षी धावायची. गाडी मीरायच्या वडिलांपेक्षा वयाने मोठी. यंदा गस्सान काकाने तिचं मूळचं लहान इंजिन काढून दुसऱ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवलं. दोन जाडजूड कार्बोरेटर आले, विजेचा पंप आला. सपाटीला गाडी अशी गुरगुरायची की कोंबड्या अंगण सोडून पळायच्या. पण घाटाला लागली की तिसऱ्या वळणावर खोकायची, थुंकायची आणि मान टाकायची. हैसमने चार वेळा कार्बोरेटर खोलून साफ केले. चारही वेळा तेच झालं. मग काका म्हणायला लागला की हा माणूस काहीतरी लपवतोय, आणि या तीन गुप्तहेरांनी तपास हाती घेतला.

चौकात अर्धं गाव कॉफी पीत बसलं होतं. मीरायने डबा उंच धरला.

"हैसम चोर आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "काकाच्या गाडीचे जेट याच्या डब्यात सापडले."

हैसम ऑलिव्हच्या तेलघाण्याखालच्या खोलीत गॅरेज चालवायचा. तो सीरियाहून आलेला. खोली काकाच्या मालकीची. तो हात पुसत पुढे आला आणि म्हणाला, "साहेब, ते जुने आहेत. तुम्हाला दाखवायलाच ठेवले होते. नवे मी..."

"बस," काका म्हणाला. "रविवारपर्यंत खोली रिकामी कर."

जुने म्हणजे काय, नवे कुठे आहेत, हे विचारायला काय लागत होतं? पण एकानेही विचारलं नाही. आरोप करणारी पोरं आपली होती आणि ज्याच्यावर आरोप झाला तो परका. तेवढ्यावर निकाल लागला. हैसमने एकदा पोरांकडे पाहिलं आणि तो अवजारं गोळा करायला निघून गेला. मोठ्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या, पिस्त्याचं आइस्क्रीम खाऊ घातलं. मीरायने दोन वेळा घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः गाडी घेऊन घाटाला निघाला. तिघंही तिसऱ्या वळणाच्या कठड्यावर बसून वाट पाहत होती. गाडी आली. खोकली. थुंकली. बंद पडली.

काकाने शिव्या घातल्या. पोरांनी ढकलत गाडी बाजूच्या सपाट जागेवर नेली. काकाने दोन-तीनदा चावी फिरवली आणि इंजिन असं सुरू झालं, जसं कधी काही झालंच नव्हतं. काका गाडी वळवून खाली निघून गेला.

"चोर गेला," रोनी म्हणाला, "खोकला राहिला."

कोणी हसलं नाही. तमारा लिंबूसरबताच्या बाटलीशी खेळत होती. तिने बाटली आडवी धरली, मग घाटासारखी तिरकी केली. तळाला बसलेला लिंबाचा गाळ हळूच सरकून मागच्या टोकाला गोळा झाला.

"टाकीतलं पेट्रोल उचलायची नळी मागच्या बाजूला असते ना?" तिने विचारलं. "मग चढावर तळातलं काहीतरी सरकून त्या नळीशी जात असेल. सपाटीला ते पसरत असेल आणि नळी वर राहत असेल."

रोनीने तिच्याकडे जरा आदराने पाहिलं, जे तो सहसा करत नसे. "पेट्रोलच्या तळाला पाणीच बसतं. म्हणजे टाकीत पाणी आहे? आमच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये पाणी नसतं हं." मग तो थांबला. गावातला एकुलता एक पंप त्यांच्या वडिलांचा होता आणि सुट्टीभर नळी हातात धरून रोनीच उभा असे. "थांबा. ती लाल गाडी या उन्हाळ्यात आमच्या पंपावर एकदाही आलेली नाही. मग ही पिते कुठे?"

मीरायचे कान तापले.

"मला काय माहीत," ती म्हणाली.

तिला माहीत होतं.

दुपारी सगळे झोपल्यावर ती तळघरात उतरली. ऑलिव्हच्या बरण्यांमागे निळे कॅन होते. एके काळी बारा होते. आता तीन उरले होते.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात देशात पेट्रोल नव्हतं. पंपापुढे दोन-दोन किलोमीटर रांगा लागत, लोक गाडीतच झोपत. गस्सान काकाने कुठल्याशा ट्रकवाल्याकडून बारा कॅन आणून इथे लपवले. त्याने घरात सगळ्यांना बजावलं होतं, कोणीही मागायला आलं तरी सांगायचं, थेंबही नाही. पण स्वतःच्या तोंडाने खोटं बोलायला त्याला जड जात असावं, कारण दार वाजलं की तो मीरायला पुढे करायचा. लहान पोरीच्या तोंडावर कोण संशय घेतो?

एकदा दारात हैसम उभा होता. तेव्हा तो गावात नवा होता. त्याच्या हातात रिकामा कॅन होता. मागे कोणाकडून तरी मागून आणलेल्या पिकअपमध्ये त्याची बायको विव्हळत होती. तिचे दिवस भरले होते.

"थेंबही नाही," मीराय म्हणाली होती. काका दाराआड होता. हैसम मान हलवून गेला. चार माणसांनी पिकअप ढकलली आणि इंजिन बंद ठेवूनच ती घाटातून खाली सोडून दिली, खालच्या दवाखान्यापर्यंत. सातव्या वळणावर मुलगी झाली. तिचं नाव रहाफ. गावाने हा किस्सा पुढे विनोद म्हणून सांगितला, बिनपेट्रोलची बाळंतीण. मीरायही हसली होती.

तिने एका कॅनमधलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं. वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा येत होता. थोड्या वेळाने बरणीत दोन थर झाले. वर पिवळट पेट्रोल, खाली स्वच्छ काहीतरी. ट्रकवाल्याने काकाला पाणी विकलं होतं, आणि काका ते तीन वर्षं सोन्यासारखं जपत बसला होता.

मग तिने खिशातला एक जेट काढला. डबा चौकात पडून होता, तो तिनेच उचलून आणला होता. तिने जेट खिडकीसमोर धरून भोकातून पाहिलं. पलीकडचं काही दिसेना. आत तपकिरी डिंक बसला होता. जुनं पेट्रोल सडलं की असा डिंक धरतो. आठही जेट तसेच होते. असले कुचकामी जेट कोण चोरेल? म्हणजे गाडीत आता नवे होते, आणि ते हैसमने घातले होते.

डोळ्यासमोर धरून एकदा बघायचं, एवढंच काम होतं. तेही या गुप्तहेरांनी केलं नव्हतं.

संध्याकाळी तिने दोघांना सगळं सांगितलं. दाराचंही सांगितलं. रोनी भडकला. त्या उन्हाळ्यात त्याच्या वडिलांना लोकांनी साठेबाज म्हणून शिव्या दिल्या होत्या, पंपाची काच फोडली होती.

"आणि तू आमच्यासोबत बसून काच गोळा केलीस," तो म्हणाला. "तुमच्या तळघरात बारा कॅन होते आणि तू आमच्याकडे काच गोळा करत होतीस."

तमारानेच शेवटी विचारलं, आता काय करायचं. मीराय म्हणाली की तिने काकाला सांगून पाहिलं होतं. काका म्हणाला, घरातली गोष्ट घरात ठेव, एका मेकॅनिकसाठी घराण्याचं नाक कापू नको.

"मग त्याच्याच तोंडून काढू," रोनी म्हणाला.

शनिवारी सकाळी सगळं गाव चौकात होतं. लाल गाडी धुऊनपुसून उभी होती. रोनी आणि त्याचे वडील वीस लिटरचा कॅन घेऊन आले. रोनी अगदी गोड आवाजात म्हणाला, "गस्सान काका, आमच्या पंपाकडून शर्यतीसाठी भेट. आधीचं काढून टाका आणि हे ताजं भरा."

"कशाला, बाळा," काका म्हणाला. "टाकीत आहे ते तुमच्याच पंपावरचं आहे."

रोनीच्या वडिलांनी कॅन खाली ठेवला. "माझ्या? कधी भरलंस?"

काका म्हणाला, परवा. मग म्हणाला, नाही, खालच्या शहरात. जिद्दो एवढा वेळ टेबलाशी अरकचा, म्हणजे बडीशेपेच्या दारूचा, पेला घेऊन बसले होते. ते म्हणाले, "गाडी माझी आहे. उघड टाकी."

टाकीच्या तळाचा नट सैल झाला. सिगारेटी विझल्या. बरणीत पेट्रोल आलं आणि सगळ्यांच्या देखत त्याचे दोन थर झाले. काका म्हणाला, खालचा थर औषधाचा आहे, इंजिन साफ करायचं. जिद्दोंनी रोनीने तयारीने आणलेली बकरीला औषध पाजायची सिरिंज घेतली, तिचं टोक बरणीच्या तळाला नेलं, खालचा थर ओढला आणि आपल्या कोऱ्या अरकच्या पेल्यात सोडला.

अरक दुधासारखा पांढरा झाला. तो कशाने पांढरा होतो हे ऐन-तूतमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"पाणी," जिद्दो म्हणाले आणि त्यांनी पेला दूर सरकवला.

"मग हे त्या हैसमचंच काम," काका म्हणाला. "त्यानेच घातलं असणार. आज संध्याकाळीच बाहेर काढतो त्याला."

हैसम चौकाच्या कडेला सामानाची हातगाडी बांधत होता. तीन वर्षांची रहाफ तिच्यावर बसली होती. लोकांच्या माना तिकडे वळायला लागल्या. परवाही अशाच वळल्या होत्या.

मीराय पुढे झाली. तिचा आवाज परवासारखा मोठा येईना.

"ते पेट्रोल आमच्या तळघरातलं आहे," ती म्हणाली. "त्या उन्हाळ्यातलं. बारा कॅन होते." मग ती हैसमकडे वळली. तिथवर चालत जाणं तिला घाटाएवढं लांब वाटलं. "तुम्ही आला होतात तेव्हा दार मी उघडलं होतं. मी म्हणाले थेंबही नाही. ते होतं. आणि परवा मी तुम्हाला चोर म्हणाले. जेट जुनेच आहेत. मी बघितले. आधी बघायला हवे होते."

हातगाडीची दोरी करकरली. एक म्हातारी स्वतःशीच म्हणाली, "त्या उन्हाळ्यात माझं डायलिसिस दोनदा चुकलं." काकाने मान खाली घातली ती वर केली नाही.

जिद्दोंनी काकाच्या हातातून चावी काढून हैसमपुढे धरली. खोली तुझीच आहे, ते म्हणाले, आणि गाडी नीट करशील का, हे आम्ही विचारायच्या लायकीचे नाही, तरी विचारतो.

हैसमने चावी लगेच घेतली नाही. त्याने आधी मीरायला जवळ बोलावलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," तो हळू म्हणाला. "तू दार उघडलंस तेव्हा घरभर पेट्रोलचा वास येत होता, पोरी. तुझ्या तोंडाकडे बघून मी परत फिरलो. दाराआडून कोणाचे तरी बूट दिसत होते."

मग त्याने चावी घेतली. मीरायने नरसाळं धरलं.

त्याने टाकी पूर्ण रिकामी केली, दोनदा धुतली, पंप आणि नळ्या फुंकून कोरड्या केल्या, फिल्टर बदलला. कार्बोरेटर पाचव्यांदा खोलले आणि नव्या जेटमध्येही जमायला लागलेला डिंक बारीक तारेने काढला. तिन्ही पोरं हाताखाली होती. काकालाही त्याने एक काम दिलं, पाण्याचं पेट्रोल भरलेला डबा धरून उभं राहायचं. काका दोन तास उभा राहिला. मग रोनीचं ताजं पेट्रोल टाकीत गेलं, हैसम आणि जिद्दो गाडीत बसले आणि गाव कठड्यावर जमलं. पहिलं वळण. दुसरं. तिसरं. लाल गाडी न खोकता अकराव्या वळणापर्यंत चढली. तिचा आवाज दरीभर घुमला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाद्री आले आणि मीरायच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तुझ्यासारखी धीट मुलगी गावात नाही. रोनीच्या वडिलांनीही शाबासकी दिली. कोणीतरी पिस्त्याचं आइस्क्रीम पुढे केलं. या वेळी तिने घेतलं नाही. त्याच माणसांनी, त्याच चौकात, परवाही अशीच पाठ थोपटली होती.

सोमवारी सकाळी ती रोनीच्या पंपावर गेली. निळ्या कॅनपैकी एक तिने साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात वाळवला होता. रोनी अजून तिच्याशी नीट बोलत नव्हता, पण त्याने कॅन काठोकाठ भरून दिला. कॅन जड होता. ती दर वीस पावलांवर हात बदलत घाण्याखालच्या खोलीपर्यंत गेली आणि दार वाजवलं.

दार रहाफने उघडलं. तिने वर पाहिलं, मग कॅनकडे पाहिलं.

"पाणी आणलंस?" तिने विचारलं.

"नाही," मीराय म्हणाली. "पेट्रोल आहे. तुझ्या बाबांनी मागितलं होतं."