विड्यातला शेंदूर

"फौजदारसाहेब, लगेच चला! हौसाबाईंवर विषप्रयोग झालाय!"

वाचनालयाचा शिपाई दारात धापा टाकत उभा होता. फौजदार विठ्ठलराव कर्णिकांनी नुकतेच बूट काढले होते. सकाळपासून मोहने गावात बांधाची भांडणं सोडवून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, अंगात हिवतापाची कसर होती. पेन्शन जवळ आली होती; पण गावातल्या भानगडींना ते कोण सांगणार? त्यांनी उसासा टाकला आणि बूट पुन्हा चढवले.

सन १८९५ चा चैत्र. कल्याणच्या वाचनालयात त्या दिवशी हौसाबाईंचं व्याख्यान ठरलं होतं. हौसाबाई म्हणजे बायकांच्या नाटक मंडळीतला राजा. मिशा लावून ती बाई रंगभूमीवर गरजली की मागच्या रांगेतली तान्ही पोरं रडायला लागत. आता साठी आली होती, मंडळी कधीच मोडली होती. बाईंनी आपल्या आठवणी लिहून ठाण्याच्या छापखान्यात पुस्तक छापून घेतलं होतं. नाटकातल्या बाईने पुस्तक लिहिलं, हे डोळ्यांनी पाहायला सगळं गाव लोटलं होतं. बायका बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्यामागे, बाप्ये सतरंजीवर, आणि उरलेले खिडक्यांत.

फौजदार आत शिरले तेव्हा कालवा चालला होता. व्यासपीठावर हौसाबाई पुस्तकांच्या थप्पीमागे बसून खाली मान घालून सह्या करत होत्या. कर्त्याची सही नसलेली प्रत चोरीची समजावी, असं तेव्हा पुस्तकांवर छापत. त्यामुळे विकायची प्रत्येक प्रत सही होऊनच बाहेर पडे. बाईंचा टाक थांबत नव्हता. फौजदार क्षणभर बघत राहिले.

वाचनालयाचे चिटणीस प्रभाकरपंत वकील त्यांना हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे कोपऱ्यात एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती.

"हीच ती! गंगूबाई. स्टेशनाकडे पानाचं दुकान आहे हिचं. हिला आजच ठाण्याच्या तुरुंगात धाडा."

"काय केलं हिने?"

"विड्यात शेंदूर घातला! भाषणाआधी मानाचा विडा द्यायचा होता. ही एके काळी बाईंच्या मंडळीतली. बाई राजा, ही राणी. म्हटलं, जुनी जोडी लोकांना पाहू दे. हिने विडा दिला, बाईंनी चावला, आणि बोलायला उभ्या राहतात तो आवाज बंद! नुसती वाफ. मग त्यांनीच विडा उलगडून सगळ्यांना दाखवला."

शेंदराने गळा जातो, ही गाणाऱ्या-नाटकवाल्यांची जुनी धास्ती. परक्याच्या हातचं पान ही मंडळी दहादा उलटून बघत. प्रभाकरपंतांनी वाटीतला अर्धा चावलेला विडा पुढे केला. चुना-काथ पानाला भिजून चिकटला होता. त्यावर शेंदूर होता, मोकळा, कोरडा. फौजदारांनी फुंकर घातली तसा तो उडून पंतांच्या उपरण्यावर बसला.

"अहो, पुरावा आहे तो!" पंत ओरडले.

"असू दे. विडा कधी केलास गंगूबाई?"

"सकाळी. ओल्या फडक्यात ठेवला होता."

"शेंदूर तू घातलास?"

म्हातारीने तोंड फिरवलं.

"अगं, तुरुंगात जाशील. घातलास की नाही?"

"विडा मी दिला," ती म्हणाली. "बाकी तुम्ही काय लिहायचं ते लिहा."

"बघा!" पंत म्हणाले. "कारणही उघड आहे. वीस वर्षं ही बाईंच्या शेजारी उभी राहिली आणि पुस्तकात हिचं नावसुद्धा नाही. शेवटी दोघींचं भांडण झालं होतं म्हणतात. लोक चिडलेत साहेब. हिचं दुकान फोडायची भाषा चाललीय बाहेर."

खरंच बाहेरून 'काढा तिला बाहेर' असा ओरडा येत होता. गंगूबाईने पदर घट्ट ओढून घेतला. फौजदारांना तिची दया आली आणि तिचा रागही आला. खोटं बोलणारे त्यांनी जन्मभर पाहिले होते. न बोलणारे त्यांना जास्त दमवत.

"पंत, हौसाबाई गाडीतून उतरल्यापासून तुम्ही बरोबर होता ना? काय काय बोलल्या?"

"काही नाही. खेळाआधी मौन पाळायचा त्यांचा रिवाज आहे. सगळं खुणांनी. पण माणूस किती थोर! आल्या आल्या पहिली प्रत सही करून माझ्या हातात दिली."

पंतांनी कपाटातून ती प्रत अभिमानाने काढून दाखवली. सहीशेजारी केशरी रंगाचं बोट उमटलं होतं.

"हे काय?"

"कुंकू लागलं असेल. बायकांचे हात."

फौजदारांनी बोटाने तो डाग घासला, वाटीतल्या शेंदराशी ताडून पाहिला आणि खुर्चीवर बसले. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं. हे कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"बाईंना बोलवा. तुम्हीही थांबा."

हौसाबाई आल्या. अजून ताठ. गंगूबाईकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

"बाई, तुम्ही बोलू नका, मीच बोलतो," फौजदार म्हणाले. "शेंदूर सकाळी विड्यात गेला असता तर चुन्याकाथात भिजून लगदा झाला असता. हा कोरडा आहे. म्हणजे विडा उलगडल्यावर वरून पडला, आणि उलगडला तुम्ही."

पंतांनी आ वासला.

"दुसरं. पंतांच्या प्रतीवर शेंदराचं बोट आहे. ती सही तुम्ही आल्या आल्या केलीत. तेव्हा गंगूबाईचा विडा तुमच्या हातातसुद्धा आला नव्हता. शेंदूर तुमच्याजवळच होता."

"पण आवाज?" पंत पुटपुटले. "आवाज तर गेला ना?"

"गेला. पण कधी? विड्याआधी त्यांचा एक शब्द तरी तुम्ही ऐकलात का? मौनाच्या नावाखाली कुणी ऐकलाच नाही. आणि शेंदूर काही तोंडात पडताक्षणी गळा बंद करत नाही. ज्याच्या भीतीने नाटकवाले पान उलटून बघतात, तो शेंदूर पोटात गेल्यावर ही बाई शांतपणे सह्या करत बसते? आवाज आधीच गेलाय, पंत. गंगूबाईने ते ओळखलं असावं, आणि बाईंचं नाव जाऊ नये म्हणून ती गप्प आहे."

मग हौसाबाई बोलल्या. आवाज कसला, फाटक्या भात्यातून वारा जावा तसा.

"वर्ष झालं. वैद्य म्हणाले, परत येणार नाही." त्या थांबल्या. "लोक राजा ऐकायला आले होते. म्हटलं, म्हातारपणाने गेला म्हणण्यापेक्षा वैऱ्याने घेतला म्हणू दे. विडा ताटातून येणार असं वाटलं होतं. म्हणजे आळ कुणा एकावर येणार नव्हता. गंगू येईल हे मला ठाऊक नव्हतं."

"ती आली तेव्हा थांबता आलं असतं," फौजदार म्हणाले.

"हो. थांबले नाही."

"अगं, जाऊ दे," गंगूबाई कोपऱ्यातून म्हणाली. "मला काय, चार दिवस बोलतील. तुझं नाव मोठं आहे."

बाहेर कुणीतरी दारावर थाप मारली. प्रभाकरपंत घाम पुसत म्हणाले, "साहेब, हे इथेच मिटवू. लोकांना काहीतरी सांगता येईल."

"सांगा की. पण हिच्या दुकानावर धोंडे पडले तर रात्रभर पहारा कोण देणार? मी?" फौजदार उठले. "बाई, मी कुणालाच पकडत नाही. स्वतःच्या विड्यात शेंदूर टाकायला कलम मला माहीत नाही. हिला सोडवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

हौसाबाईंनी डोळे मिटले. मग गंगूबाईचं मनगट धरून तिला उठवलं आणि दार उघडून सरळ व्यासपीठावर गेल्या. ओरडणारे चपापून मागे सरले.

त्या बोलू लागल्या. पहिल्या रांगेच्या पलीकडे काही पोचेना. "ऐकू येत नाही!" मागून ओरडा झाला. "मोठ्यांदा बोला!" चिकामागून कुणी तरी हसलं. हौसाबाईंचा चेहरा पडला. ज्याला त्या वर्षभर भीत होत्या ते समोर उभं होतं.

तेव्हा गंगूबाई पुढे झाली. हौसाबाई कुजबुजत आणि ती ते खणखणीत आवाजात सभेला सांगे.

"माझा आवाज वर्षापूर्वीच गेला," गंगूबाईने सांगितलं.

"शेंदूर मीच टाकला," तिने सांगितलं, आणि सभेत गलका उठला.

हौसाबाई पुन्हा तिच्या कानाशी लागल्या. गंगूबाईने मान हलवली. "हे मी नाही सांगणार."

"सांग," हौसाबाई म्हणाल्या. पहिल्या रांगेला ते ऐकू गेलं.

म्हातारी सभेकडे वळली. "गंगूवर आळ आला आणि मी सह्या करत बसले. माझ्या पुस्तकात हिचं नाव नाही, कारण मी कोत्या मनाची." इथे तिचा आवाज फुटला. उरलेलं हौसाबाईंना स्वतःच बोलावं लागलं, आणि या वेळी ते ऐकायला सगळी सभा श्वास धरून पुढे सरकली.