मोकळी केलेली जागा

त्या रात्री मी पेठला नव्हते. दादाभाऊही नव्हते. संगणकासमोर बसला होता तो त्यांचा भाचा सुदर्शन, आणि तो आता या विषयावर बोलत नाही. पुढचा मजकूर ऐकीव आहे, हे आधीच नोंदवते. शेवटचा प्रसंग तेवढा माझा.

गेल्या डिसेंबरात गाडी चुकल्यामुळे मी आणि माझी विद्यार्थिनी वृषाली आळेफाट्याला दादाभाऊंच्या गॅरेजबाहेर बसलो होतो. अंधार पडून तास झाला होता. आम्ही जात्यावरच्या ओव्या गोळा करत हिंडतो हे कळल्यावर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"आमच्या सुदर्शननं अशाच ओव्या पुसल्या, ताई," ते म्हणाले. "एकोणीस जानेवारी दोन हजार सोळा. मंगळवार व्हता."

पेठच्या भरतला गोठ्यावर कॅमेरा बसवायचा होता; ते काम सुदर्शनकडे आले. बिबट्याने त्या महिन्यात दोन कालवडी नेल्या होत्या. चित्रण साठवायला घरात जुना संगणक होता, पण त्याची डिस्क भरलेली होती. ती भरली होती हर्षालीने, भरतच्या बायकोने. धरणात बुडालेल्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या तिने सात वर्षे हिंडून ध्वनिमुद्रित केल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. त्या जानेवारीच्या पाच महिने आधी ती तापाने गेली. दहाव्याला दुपार कलली तरी कावळा पिंडाला शिवेना. शेवटी भरतने हात जोडले आणि तिच्या ओव्यांचे पुस्तक काढण्याचा शब्द दिला. कावळा उतरला. सुदर्शन तेव्हा तिथेच उभा होता.

"पेनड्राइव्हवर घेऊन ठेवतो की," सुदर्शन त्या रात्री भरतला म्हणाला. "तासाभराचं काम."

"ठेवून ऐकणार कोण? बिबट्या? पूस."

"दहाव्याला तुमी बोलला व्हता, भाऊ..."

"कावळ्याला बोललो व्हतो. कावळा जेवला. मिटलं."

भरत आत जाऊन झोपला.

पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, इतकेच. मग डिस्कवरचे विखुरलेले तुकडे सरकवून जोडताना त्या जागेवर दुसरे काही बसले, की ती परत मिळत नाही. सुदर्शनला हे ठाऊक होते. त्याने ओव्या पुसल्या. पावणेअकराला जोडणीचे बटणही दाबले.

पडद्यावर डिस्कचा नकाशा उमटला. विखुरलेल्या फाइली लाल. जुळलेल्या निळ्या. मोकळी जागा पांढरी. मध्यरात्रीपर्यंत सगळे रीतसर चालले होते.

एक वाजून वीस मिनिटांनी काम एकसष्ट टक्क्यांवर थांबले.

पांढऱ्यात एक लाल रेघ आली. मग तिच्या शेजारी दुसरी.

मोकळी जागा अठरा जीबी होती. सतरा झाली. चौदा... नऊ...

आत भरतचे घोरणे थांबले.

डिस्कची तुटक खरखर एकसारखी झाली. सावकाश. जड. गोल फिरणारी...

सुदर्शनने वायर उपटली. पडदा काळा झाला. पंखा थांबला.

डिस्क फिरत होती.

"किती वेळ?" वृषालीने विचारले.

"त्यानं मोजला न्हाई," दादाभाऊ म्हणाले.

"व्हायरस असेल," मी म्हणाले.

"आसंल की. पर ताई, व्हायरसलाबी वीज लागती."

सकाळी संगणक निमूट सुरू झाला. अठरा जीबी मोकळी. ओव्यांची एकही फाइल नाही. सुदर्शनने तेव्हा कोणाला काही सांगितले नाही. संध्याकाळी कॅमेरा जोडून तो निघून गेला. गुरुवारी भरतने त्याला परत बोलावले. बुधवारच्या रात्रीच्या चित्रणात बिबट्या नव्हता. जनावरे उभी होती, आणि आवाज येत होता. त्या कॅमेऱ्याला आवाज टिपण्याची सोयच नव्हती.

"पूस," भरत म्हणाला.

या वेळी सुदर्शनने आधी प्रत घेतली. ती त्याने दादाभाऊंकडे दिली, दादाभाऊंनी आम्हाला. त्यांना ती घरात नको होती.

मी फाइल तपासली. सव्वादोन मिनिटे कोणी बाई गाते. म्हटले, जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा कसाबसा उरला असेल, आणि हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटले. आवाज ओळखून घ्यावा म्हणून पुढच्या आठवड्यात घोडेगावच्या पलीकडे कुशाबाईंकडे गेले. हर्षालीला ओव्या सांगणाऱ्यांपैकी आता त्या एकट्याच हयात आहेत.

कुशाबाईंनी पूर्ण ऐकले. पदराने तोंड पुसले.

"आवाज माझाच हाय."

"हर्षालीने कधी घेतला होता, आठवते का?"

त्यांनी मान हलवली.

"ही ओवी तिला कशी सांगंन, बाई? ही तिच्यावरचीच हाय. ती गेल्याची. परवा पहाटं जुळली मला, पडल्या पडल्या. अजून तोंडातून काढली न्हाई."

मी फाइलची तारीख पुन्हा पाहिली. वीस जानेवारी दोन हजार सोळा.