मौनाचा पाचवा दिवस

पाटी ठोकायला मी स्वतःच हातोडी आणि खिळे घेऊन गेले होते. शिपायाला सांगितलं की तो "बघतो" म्हणतो आणि मग आठवडाभर बघतच राहतो. पाटीवर एकच ओळ होती, 'मौनाच्या दिवसांतही या खोलीत बोलता येईल.' तेवढ्या ओळीसाठी मी वर्षभर प्राचार्य फादरांचं डोकं खाल्लं होतं.

आमचं कॉलेज कॅथलिक धर्मगुरू घडवणारं, आणि मी तिथली समुपदेशक. घरची आठवण, परीक्षेची धास्ती, आपण खरंच फादर व्हावं का ही शंका, सगळं घेऊन मुलं माझ्याकडे येतात. खोलीत बोललेलं बाहेर जात नाही, प्राचार्यांनाही विचारायची मुभा नाही. वर्षातून एकदा मात्र आठ दिवस मौन असतं. जेवताना, जिन्यात, बागेत कुणी कुणाशी बोलत नाही. मला ते दिवस फार आवडायचे. वीस वर्षं लोकांची दुःखं ऐकल्यावर कानांना आठ दिवसांची सुट्टी कुणाला नको असते?

गेल्या वर्षी मौनाच्या पाचव्या दिवशी, दुपारी चारला, तिसऱ्या वर्षाचा लंबू दारात आला. सगळे त्याला लंबूच म्हणत. माझ्या दारातून त्याला वाकूनच आत यावं लागे. एरवी सगळ्यांना हसवणारा पोरगा. मला वाटलं, माझं मौन मोडायला आलाय. तो तोंड उघडणार तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. तो हसला, मान हलवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला त्याची जागा रिकामी होती. त्याने स्वतःला संपवलं होतं. कसं, ते मी सांगणार नाही.

त्याची ट्रंक न्यायला आई आली. शिवणकाम करून एकटीनं त्याला वाढवलेलं. ट्रंकेतला एक सदरा उचलून तिने बटणं चाचपली. एक सैल होतं, ते पिशवीतला सुईदोरा काढून तिथंच घट्ट केलं. मग मला विचारलं, "ताई, शेवटी शेवटी तो तुमच्याकडे आला होता का?"

मी "नाही" म्हणाले. मुलांना खरं बोलायचं धैर्य शिकवणारी मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या 'नाही'नं वर्षभर माझ्या घशाखाली घास सुखानं उतरू दिला नाही.

तर यंदाचा पाचवा दिवस. दुपारचं लख्ख ऊन होतं. इमारतीत दीडशे माणसं आणि एक शब्द नाही. हातोडीचे ठोके थेट चॅपलपर्यंत जात असावेत. पाटी लागली, मी आत जाऊन बसले. घड्याळात चार वाजले आणि कॉरिडॉरमध्ये चपला फरफटल्याचा आवाज आला... हळूहळू जवळ. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा वास आला. मग दारातून तो वाकून आत आला.

घाबरले नाही असं म्हणणार नाही. पण भीतीच्याही आधी मला रडू आलं.

"बस," मी म्हणाले. "बोल बाळा... मी ऐकतेय."

तो समोरच्या खुर्चीत बसला आणि बोलायला लागला. ओठ हलत होते, हात हलत होते, मधेच त्याने बाहीनं डोळे पुसले. पण आवाज नव्हता. बाहेरचा कावळा मला ऐकू येत होता, कोपऱ्यातला गळका नळ ऐकू येत होता. त्याचा एक शब्दही नाही.

"मोठ्यानं बोल रे... मला ऐकू येत नाहीये."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं, आणि समजूतदारपणे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा सांग म्हणायचा मला धीर झाला नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. त्याच्या आईचा होता.

"ताई, तुम्हाला मी वेडी वाटेन," ती म्हणाली. "वर्षभर तो रोज चारला दारात येऊन उभा राहतो. बोलत नाही, नुसता उभा. आज आलाच नाही हो."

मी मान वर केली. समोरची खुर्ची रिकामी होती. आता सांगायचंच, मी ठरवलं. "मला तुम्हाला एक..."

"थांबा. तुमच्या खोलीत कोण बोलतंय?" ती कान देऊन ऐकू लागली. "तोच आहे... ताई, जरा गप्प बसा."

मी फोनचा स्पीकर लावून तो रिकाम्या खुर्चीवर ठेवला. पलीकडून तिचं रडणं येत होतं. मधे मधे ती थांबायची, ऐकायची, "हो रे राजा" म्हणायची. शेवटी तिने विचारलं, "मग ताईंना का नाही सांगितलंस? त्या तर तिथंच होत्या."

बराच वेळ ती ऐकत राहिली. फोन उचलून बंद करायला मला फक्त एक हात पुढे करायचा होता. मी केला नाही.

"असं होय," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्या रात्री मी तिला फोन केला, दुसऱ्या दिवशीही केला. तिने उचलला नाही. पत्र लिहून सगळं कबूल केलं, त्याचंही उत्तर आलं नाही. पण तेव्हापासून रोज चारला तिचा फोन येतो. "खुर्चीवर ठेवा," एवढंच ती मला म्हणते. मी ठेवते आणि दार ओढून बाहेर उभी राहते. आत ती बोलत असते, मधे थांबते, कधीकधी हसतेसुद्धा. ती थांबली की मी दाराला कान लावते. मला अजूनही काही ऐकू येत नाही.