ठोक्याला ठोका

उत्तरेचा वारा दोन दिवस वाहून थांबला की दलदलीतलं पाणी समुद्राकडे निघून जातं आणि गारठलेले मासे बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्याच्या, वळणांवरच्या खोल डोहांत गोळा होतात. लुइझियानाच्या त्या किनाऱ्यावर अशा सकाळी घरी बसणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर बाहेरगावचा. क्लेओफास दोन्ही नव्हता, तरी त्या दिवशी त्याला घरीच बसायचं होतं. सदुसष्टावं चालू होतं, उजवा हात थंडीत खांद्याच्या वर जात नव्हता, आणि मुख्य म्हणजे आज बोटीत एल्मीर वहिनी बसणार होती.

एल्मीर ही त्याच्या थोरल्या भावाची, युलिसची बायको. युलिस तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत धुक्यात गेला तो परत आलाच नाही. सायप्रसच्या लाकडाची त्याची जुनी बोट आठवड्याने गवतात अडकलेली सापडली. तो सापडला नाही. उद्या चर्चमध्ये त्याच्या नावाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होती आणि नंतर चाळीस माणसांचं जेवण.

"विकतचे मासे मी त्यांच्या नावाने वाढणार नाही," एल्मीरने आदल्या संध्याकाळीच सांगून टाकलं होतं. "तुम्ही पकडा, मी येते सोबतीला."

"वहिनी, थंडी बघा केवढी आहे."

"थंडीचं कौतुक मला नका सांगू, भावजी. चाळीस वर्षं तुमच्या भावाशेजारी झोपले मी. त्यांचे पाय म्हणजे बर्फाची लादी!"

तिच्यापुढे कुणाचंच काही चालत नसे. पहाट उजाडताना दोघं निघाली. किटलीत चिकोरीची कडू कॉफी, डब्यात कोळंबीचं आमिष. दोन्ही काठांना पाणी इतकं उतरलं होतं की चिखल उघडा पडून कुजक्या अंड्यांसारखा वास मारत होता. खारं पाणी लागून मेलेली ओकची झाडं मधूनच उभी होती. क्लेओफासने मुद्दाम तिला लांब पूर्वेकडच्या वळणांवर नेलं. दोन तासांत पाच मासे लागले.

"पाच माशांत चाळीस माणसं जेवू घालायला तुम्ही काही येशू नाही," एल्मीर म्हणाली. "तुमचा एक डोह आहे म्हणतात. कुणाला न दाखवलेला. तिथे चला."

एरवी त्याने हसून विषय टाळला असता. पण नाही म्हणायलाही अंगात थोडा जोर लागतो, आणि तीन वर्षांत त्याच्यात तो उरला नव्हता. रात्री झोप लागत नव्हती, दिवसा जाग येत नव्हती. त्याने बोट वळवली.

डोह होता तसाच होता. गळ तळाशी टेकायचा अवकाश, की काठी वाकायची. ठिपक्यांचे चांगले हातभर ट्राउट. एल्मीरच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. माशांची मोजदाद करता करता ती युलिसच्या गोष्टी सांगू लागली आणि क्लेओफास हूं हूं करत राहिला. तेवढ्यात समुद्राकडून कोमट, दमट हवा आली. गार पाण्यावर ती टेकली आणि बघता बघता धुकं उठलं. आधी झाडं गेली, मग काठ गेला. शेवटी बोटीचं पुढचं टोकही दिसेना.

धुक्यात तिथे कुणी हाका मारत नाही, कारण हाक भलत्याच बाजूने ऐकू येते. बोटीच्या बुडाला वल्ह्याने तीन ठोके द्यायचे, ते पाण्यातून लांबवर जातात. ज्याला ऐकू येतील त्याने दोन ठोक्यांनी उत्तर द्यायचं, आणि हरवलेला पोचेपर्यंत देत राहायचं. कोण आहे, कुणाचा आहे, विचारायचं नाही. हे तिथली पोरं चालायला लागली की शिकतात. आणखी एक गोष्ट ती शिकतात, पण ती कुणी बोलून दाखवत नाही. मासे लागलेले असताना उत्तर दिलं, की आपला डोह सगळ्या गावाचा होतो.

ठक्. ठक्. ठक्.

एल्मीरचा हात गळावरच थांबला.

"कुणीतरी चुकलंय." तिने वल्हं उचललं. मग पुन्हा कान दिला. "लाकडी बोट आहे, भावजी. आता सगळ्यांच्या पत्र्याच्या, लाकडी कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही."

ठक्. ठक्. ठक्.

"अहो, मग द्या की उत्तर!"

"राहू दे, वहिनी." त्याचा आवाज अगदी थकलेला होता. "चार वेळा वाजतं. मग थांबतं."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. एल्मीर त्याच्याकडे बघत होती. तिसऱ्यांदा ठोके आले, थोडे घाईचे. चौथ्यांदा आले ते सावकाश, मधे बरंच अंतर ठेवून. मग काही नाही.

"तुम्हाला कसं ठाऊक?" तिने हळू विचारलं.

"दर धुक्यात वाजतं..."

"आणि त्या दिवशी?"

क्लेओफासने गळ गुंडाळायला घेतला. तीन वर्षं तो या प्रश्नाला घाबरत होता, आणि आता तो समोर आल्यावर भीतीपेक्षा सुटल्यासारखंच जास्त वाटलं.

"त्या दिवशीही चारदाच वाजलं. मी इथेच होतो. पहिल्यांदा वाटलं, शहरातला कुणी हौशी असेल. दुसऱ्यांदा लाकूड ओळखलं. वाटलं, युलिस आहे, त्याला कसली भीती, डोळे मिटून घरी जाईल. मासे लागत होते, वहिनी... मी गप्प बसलो."

धुक्यातून पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता.

"त्या संध्याकाळी तुम्ही मला सहा मासे आणून दिलेत," एल्मीर म्हणाली. "तुमचे भाऊ आल्यावर गरम जेवतील म्हणून मी तळून झाकून ठेवले होते. ते मासे इथलेच?"

त्याने होकारार्थी मान हलवली. ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"घरी चला," ती म्हणाली.

इंजिन चालू झालं, बोट दोनशे हात गेली आणि ते घरघरून बंद पडलं. पाणी उथळ, चिखल आत ओढला गेला होता. फोनला रेंज नव्हती. कुठली बाजू कुठली, काही कळत नव्हतं. काठांवर वाढलेला क्लेओफास, पण त्या पांढऱ्या धुक्यात त्याला स्वतःचे बूटही नीट दिसत नव्हते. ओल आता हाडांत शिरत होती. एल्मीरचे ओठ निळे पडले होते आणि कॉफी केव्हाच संपली होती. आणखी दोन तास असेच गेले तर ती टिकणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

त्याने वल्हं उचललं आणि बुडाला तीन ठोके दिले.

जवळच कुठेतरी रेडिओ चालू होता. दोन माणसं हसत होती. एकाने काहीतरी चावट म्हटलं, दुसरा खोकत हसला. शंभर हातही लांब नसतील. क्लेओफासने पुन्हा तीन ठोके दिले, जोरात.

रेडिओ बंद झाला. हसणं बंद झालं.

कुणी उत्तर दिलं नाही.

ती शांतता क्लेओफासच्या ओळखीची होती. गळ वर न काढता, श्वास धरून, एकमेकांकडे न बघता माणसं कशी बसतात ते त्याला ठाऊक होतं. मासे लागले असणार. त्याने तिसऱ्यांदा ठोकलं. खांद्यातून कळ गेली. "अरे, बाईमाणूस आहे बोटीत!" तो ओरडला, पण धुक्याने हाक भलतीकडेच नेली. थोड्या वेळाने एक इंजिन हळूच सुरू झालं आणि लांब लांब जात नाहीसं झालं.

"एकदा अजून," एल्मीर म्हणाली.

"कशाला..."

"चारदा तरी वाजवा."

त्याने चौथ्यांदा वाजवलं. सावकाश, मधे बरंच अंतर ठेवून. हातात ताकदच तेवढी होती.

ठक्. ठक्.

दोन ठोके. लाकडावरचे. डावीकडून, नुसतं गवत बोटीला लागत होतं त्या बाजूने.

"तिकडे पाणी नाही, वहिनी," क्लेओफास कुजबुजला. "तिकडे चिखल आहे. मघाशी मी काठीने चाचपलाय."

"उत्तर दिलंय ना कुणीतरी?" एल्मीरने लांब काठी त्याच्या हातात दिली. तिचा आवाज आता कोरडा होता. "त्या दोघांनी दिलं नाही. तुम्ही दिलं नव्हतं. चला."

त्याने काठी चिखलात रोवून बोट ढकलली. बोट अडली नाही. गवत दोन्ही बाजूंनी सरसर घासत होतं आणि मधे जेमतेम बोटीएवढी वाट होती. त्याने ठोके दिले, की समोरून दोन यायचे. दर वेळी थोडे जवळून. दहा-पंधरा वेळा असं झालं असेल. कोमट हवा गेली आणि फार जुन्या पाण्याचा गार वास सुरू झाला. मग गवतही थांबलं. त्याने काठी खाली घातली, ती पूर्ण बुडून हात कोपरापर्यंत पाण्यात गेला, मग खांद्यापर्यंत, आणि तळ लागलाच नाही.

"वहिनी, मागे फिरू या... इथे एवढं पाणी असूच शकत नाही."

एल्मीर पुढच्या फळीवर सरळ बसली होती आणि तिने डोक्यावरचा रुमाल नीट बांधून घेतला होता, पाहुण्यांकडे जाताना बायका बांधतात तसा. तिने स्वतः वल्हं घेऊन तीन ठोके दिले.

या वेळी दोन ठोके त्यांच्या बोटीच्या बुडाला बसले. खालून.

"पोचलो," एल्मीर म्हणाली.

क्लेओफासने काठी आडवी ठेवली आणि खाली बसला. खांदा फार दुखत होता.