कुशीवर कलंडणारी पृथ्वी

"मामा, पृथ्वी पुन्हा कलंडली!" गुंड्या ओरडला.

सुट्टीत तो आणि ताई मामाच्या पृथ्वीगोलांच्या दुकानात पडीक असत. आसावरून काढलेला एक जुना गोल टेबलावर डुगडुगला आणि एका कुशीवर थांबला. ताईने तो फिरवून ठेवला. पुन्हा तीच कूस खाली!

"भंगारात टाका तो," संग्रहालयाचे साहेब म्हणाले. साम्राज्यं कशी वाढली, या प्रदर्शनासाठी ते जुने गोल निवडायला आले होते. "करणाऱ्याला तोलच साधला नाही."

मामाचा चेहरा उतरला. गोल आजोबांच्या हातचा होता. त्यांच्या मांडीवर बसूनच मामा त्यावर देश शोधायला शिकला. तेव्हा दुकानभर शिजत्या खळीचा वास असायचा.

"आजोबांचा हात चुकला? काहीतरीच!" ताई पुटपुटली.

साहेब चहाला बसले, तशी दोघं गोलावर वाकली.

"जड बाजू सगळी गुलाबी आहे बघ!" गुंड्या म्हणाला. गुलाबी म्हणजे परक्या साम्राज्याचा मुलूख. "कागदही जाड लागतोय. टेंगूळ आल्यासारखा!"

"किटली आण. आणि वाफेत हात घालू नकोस, शहाण्या!"

"तू काय माझी आई आहेस?"

"आईनं किटलीला हातही लावू दिला नसता!"

वाफेनं कडा सुटली. गुलाबी तुकड्याखाली आणखी एक गुलाबी तुकडा, जरा लहान. त्याखाली त्याहून लहान! साम्राज्य आटत आटत किनाऱ्यावरच्या वखारीएवढं उरलं आणि तळाशी हिरवागार देश दिसला. त्यावर त्याचं जुनं नाव!

"मामाऽऽ!"

मामा धावला. "शाळांचे गोल दुरुस्तीला इथेच यायचे. नवा मुलूख जिंकला, की जुना कागद खरवडायचा आणि गुलाबी डकवायचा, असा हुकूम होता. बाबांनी तर काहीच खरवडलेलं नाही!" त्याने तुकडा उलटा केला. आतून कोरडा! "बाबा खळ फक्त कडेला लावायचे. मला वाटे, काय हा चिक्कूपणा!"

"चिक्कूपणा कसला? नाव खाली शाबूत राहावं म्हणून!" ताई म्हणाली.

साहेब चहा विसरले. "शाब्बास पोरांनो! तोल माझाच गेला होता. हा गोल प्रदर्शनात अगदी मधोमध ठेवू, असाच, थर उघडे ठेवून."

मामाने ऐकलं की नाही, कोण जाणे. त्याने ते जुनं नाव मोठ्यानं वाचलं. परक्या राजवटीत आजोबांना या दुकानात ते कधीच मोठ्यानं उच्चारता आलं नव्हतं.