अडुळशाला आमंत्रण

औषधाचं झाड घरी न्यायचं तर आदल्या दिवशी त्याला आमंत्रण द्यावं, नाहीतर ते गुण देत नाही, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. हसू नका. मीही हसले होते.

इंदूरची मिल बंद होऊन वर्ष झालं होतं. आमचे हे, श्रीपाद, तिथं कापूस पिंजायच्या खात्यात होते. मिल गेली, तिचा खोकला तेवढा घरी आला. रुमालावर लाल ठिपके दिसायला लागले तेव्हा माझं धाबं दणाणलं. पदरात पाच वर्षांची शोभना होती. मिलच्या ओस पडलेल्या दवाखान्यामागे एक अडुळसा होता, हरी माळ्यानं लावलेला. हरी त्याच खोकल्यानं, त्याच झाडापाशी वारला होता.

"ले जाओ भाभीजी, अब पूछने वाला कौन है," मिलचा चौकीदार म्हणाला.

वैशाखातल्या एका संध्याकाळी ह्यांना बरोबर घेऊन मी बुंध्याशी हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. आमंत्रण देताना झाडाचं नाव घ्यायचं असतं. मी घाईघाईत नुसतंच म्हणाले, "उद्या आमच्या घरी चला. ह्यांना बरं करा."

"हो..." मागून कोणीतरी म्हणालं.

"मस्करी कसली करता?" मी ह्यांच्यावर चिडले.

"मी कुठे बोललो भई?" हे खोकत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हे कुदळ घेऊन दवाखान्यामागे गेले. मी फाटकाशी उभी होते. खोकला ऐकू येत होता, मग एकदम थांबला. बऱ्याच वेळानं हे बाहेर आले, मुळासकट अडुळसा पोत्यात बांधून. जुन्या इंदूरला घरी पोचेपर्यंत एकदाही खोकले नाहीत. काढा तर अजून केलाही नव्हता!

आनंदानं मी देवापुढे साखर ठेवली. शंका मागाहून आली. ज्या माणसानं जन्मात कुंडीला तांब्याभर पाणी घातलं नाही, तो पावसाआधी आळी करू लागला. पाऊस सरल्यावर फांद्या छाटू लागला. थंडीत पांढरी फुलं आली तेव्हा एकेक पान ओल्या फडक्यानं पुसत बसला.

"कुठे शिकलात हो हे?"

"आपोआप येतंय," एवढंच उत्तर. मला नावानं हाक मारणंही त्यांनी सोडलं होतं.

चैत्रात एका दुपारी हे स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. अंगणात, अडुळशाकडून, खोकला आला. दोन आखूड, एक लांब. त्या खोकल्याशेजारी मी कित्येक रात्री जागून काढल्या होत्या. तो मी कशी विसरणार?

"सुलू... दार उघड ना... बहुत प्यास लगी है..."

माझा हात कडीवर गेला.

"नको उघडू. हवा है," आतून हे म्हणाले. मान वर न करता.

आतला माणूस ठणठणीत होता. शोभना त्याला बाबा म्हणत होती. बाहेर फक्त तो खोकला होता. मला फार भीती वाटली, आणि खरं सांगते, मला विधवा व्हायचं नव्हतं. मी कडी काढली नाही.

आता तीस वर्षं होतील. अडुळसा छपराला टेकलाय. ह्यांना साधी सर्दीसुद्धा झालेली नाही. बाहेरचा आवाज हल्ली दार उघडायला सांगत नाही. खोकला थांबला की एवढंच विचारतो, "सुलू... तो नीट वागतो ना तुझ्याशी?"

मी हळूच हो म्हणते. तेवढा वेळ स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज थांबलेला असतो.